नाकावरचं वजन

वीस वर्षं मी टिप्पर चालवला,
खाणीवरून जेटीवर, दिवसाला पाच खेपा,
पापण्यांवर लाल माती.
टिप्परचं ओझं पाठीवर असतं, मुकाट बसतं.
मागून येणाऱ्या ओझ्याला स्वतःची चाकं असतात
आणि स्वतःचं डोकं.

हे मला बोरीच्या पुलावर कळलं.

ट्रेलर आनाक्लेतोने बांधला, डिचोलीत,
वेल्डिंगच्या पडवीत, दोन पावसाळे लावून:
झोपायला बाक, शेगडी, पाण्याची टाकी,
खिडकीला सुलक्षाच्या जुन्या साडीचा पडदा.
पिकअप माझी. म्हणजे अजून सोळा हप्ते बँकेची.
ना लहान ना मोठी, चढावर खाकरते,
पण ओढते.

लोक विचारत, कशाला हे खूळ?
गोव्यात कुठंही जा, कुणी ना कुणी आपलं असतंच.
तेच तर.
पेडण्यात माझी आत्या, केप्यात तिचा दीर,
काणकोणात मावसजाऊ.
जिथं गेलो तिथं सुलक्षा दुसऱ्याची भांडी घासून
दुसऱ्याच्या चटईवर निजली
आणि त्या घरातल्या सगळ्यांआधी उठली.
एकदा परतताना, कदंबच्या खिडकीशी, म्हणाली,
गाव एकही बघितला नाही मी.
चुली मात्र सगळ्या ओळखते.

तर बोरीचा पूल.
पन्नासचा वेग, आणि मागून कुणी
शेपूट धरून हलवावं तसं झालं.
आरशात ट्रेलर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
खाली जुवारी,
समोरून खडीचा ट्रक.
पाय ब्रेकवर जातच होता.
टिप्परची सवय म्हणाली, नको.
पाय नुसता उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं.
सुलक्षानं कुठल्या देवाला हाक मारली
ते अजून सांगत नाही.

पलीकडे एका नारळवालीच्या सावलीत
मागचं दार उघडलं.
शेवटच्या भिंतीला टेकून सगळं:
दहा किलो उकडे तांदूळ, बारा नारळ,
आमसुलांची बरणी,
आणि रगडो. दगडी, वरवंट्यासकट.
"हा कशाला?"
"कुणाकडे मागायला नको म्हणून."

मी पुढं काही बोललो नाही.
नारळवालीचा काटा मागितला,
ट्रेलरचं नाक त्यावर टेकवलं: जेमतेम वीस.
साठ तरी हवेत, आनाक्लेतो सांगून थकला होता,
नाक हलकं तर शेपूट वेडं.
दोघांनी रगडो उचलला, दोनदा खाली ठेवला,
पुढच्या कोपऱ्यात नेला. तांदूळ पुढं. नारळ पुढं.
काटा एकसष्टवर थांबला.
नारळवाली म्हणाली, घेणार आहात की नुसतंच मोजणार?
आमच्याकडे बारा होते. तेरावा घेतला.

करमलचा घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो,
ब्रेक जपत, मागे चार गाड्यांचे हॉर्न झेलत.
गालजीबागला पोचेस्तोवर सुरूंच्या खाली काळोख.
आता मागे घ्यायचं.
ट्रेलर डावीकडे न्यायचा तर चाक उजवीकडे वळवायचं,
हे हाताला पटतं, डोक्याला पटत नाही.
सुलक्षा टॉर्च घेऊन मागे उभी.
"डावीकडे!"
"तुझ्या की माझ्या?"
ती जरा थांबली.
मग टॉर्च जमिनीवर टेकवला.
"इथं."

शेगडी पेटवलीच नाही तिनं.
नाक्यावरून भाजी-पाव आणला, कागदावरच खाल्ला,
रगडो कोपऱ्यात बसून बघत होता.

पहाटे चारला ती उठून बसली.
अंधारात चाचपडली, चटई शोधावी तशी.
"कुणाच्या घरी आहोत आपण?"
गालजीबाग, मी म्हटलं.
"बरं."
आणि तिनं कूस बदलली,
ट्रेलर टेकूंवर जरासा हलला,
मग थांबला.